बारा वितींची दोरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका दोरीला गाठी मारल्या. उन्हं उतरली होती. ती चाकाच्या खुर्चीत दारात बसलेली, मी खाली उंबऱ्यावर. दोरीचं एक टोक तिच्या मांडीवर, दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. दोरी माझ्याच धंद्यातली. मी गवंडी माणूस. चाळीस वर्षं हीच पांढरी सुती दोरी ताणून लोकांच्या भिंती सरळ उभ्या केल्या. ती वितीनं मोजायची, "हां, इथं," म्हणायची, आणि मी गाठ मारायचो.

"आवळून मारा, मिस्तरी," ती म्हणाली. "मागल्या बारीला माझीच गाठ सरकली असंल. नायतर एवढी शिकलेली माणसं, अशी कशी चुकतील?"

मिस्तरी म्हणजे मी. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती मला तेच म्हणायची.

मी गाठ आवळली. तिची गाठ सरकली नव्हती. आमची पहिली दोरी कुठं गेली ते मला ठाऊक होतं. चार दिवसांपासून ठाऊक होतं, आणि मी तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या दारात रिक्षा पोचली तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून गेलेली होती. चूक आपलीच, असं समजून गेली. हे मला गिळता येत नाही, म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलोय. सांभाळून घ्या असं म्हणणार नाही. नीट वाचलं तरी पुरे.

तिचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओनं गेले. दहावी मात्र झाली, आणि आमच्या वस्तीत तेव्हा दहावी झालेली बाई दुसरी नव्हती. लग्न ठरलं तेव्हा लोक मला विचारायचे, तुला दुसरी मिळाली नाय का? मी म्हणायचो, तिला दुसरा मिळाला नाय. पुढं तिला अपंगांच्या कोट्यातून टेलिफोनचा पिवळा डबा मिळाला. चौकात डबा, डब्यात ती, आणि काचेमागं पुस्तक. लोक नंबर फिरवायचे, ती पानं फिरवायची. मोबाइल आले आणि डबा उठला, पण वाचन काही उठलं नाही.

पुस्तकं मी आणायचो. औरंगपुऱ्याच्या बाजूला एक जुनं वाचनालय आहे. नाव सांगत नाही, नावात काही अर्थ नाही. त्याला समोरून अकरा पायऱ्या. आम्ही रिक्षातनं जायचो, मी खुर्ची उघडून तिला बाजूच्या गल्लीत लिंबाच्या सावलीला लावायचो, आणि तिनं लिहिलेली चिठ्ठी घेऊन वर जायचो. आतला बाबू चिठ्ठी बघायचा आणि हाताला येईल ते द्यायचा. एकच पुस्तक तीनदा आलं. एकदा तर शेळीपालनाचं आलं. तिनं तेही वाचलं. मला म्हणाली, "मिस्तरी, शेळ्या घ्यायच्या का? माझी तयारी झालीय."

असं तीस वर्षं चाललं. तीस वर्षांत तिनं त्या वाचनालयाची एकच गोष्ट बघितली, गल्लीतली खिडकी. पेपर वाचायच्या खोलीची ती खिडकी. तिच्यासमोर ती बसून राहायची.

तिचं मागणं लई मोठं नव्हतं. ती म्हणायची, "मला एकदा कपाटासमोर बसायचंय. पुस्तकांवरनं हात फिरवायचा. एखादं काढायचं, दोन पानं वाचायची, नाय आवडलं तर परत ठिवायचं. बस."

मग मागच्या वर्षी वाचनालयाचं पत्र आलं. कुठलं तरी अनुदान पाहिजे असेल तर दिव्यांगांना आत येता आलं पाहिजे, असं वरून सांगितलं होतं म्हणे. त्यासाठी समिती नेमायची होती, आणि समितीत 'या क्षेत्रातील तज्ज्ञ' म्हणून तिला बोलावलं होतं. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"मिस्तरी, मी तज्ज्ञ झाले."

"कशातली?"

"पायऱ्यांतली."

आम्ही दोघं हसलो. पण ते खरंच होतं. शहरातला कुठला उतार कसा आहे हे तिला इंजिनिअरपेक्षा जास्त कळत होतं. तिचं माप सोपं होतं. एक वीत वर चढायचं असेल तर बारा विती लांबी पाहिजे. त्याहून कमी लांबी असली की चाकावरचा हात सुटल्याबरोबर खुर्ची मागं येते. हे तिनं एका कागदावर वाचलं होतं आणि मग आपल्या दंडांवर तपासून घेतलं होतं. तहसीलला, बँकेला, पोस्टाला. कुठल्या उताराखाली मोटारसायकली लावतात, कुठल्या उताराला साखळी घालून कुलूप लावतात आणि कुलपाची चावी कुणाकडं असते, सगळं तिला पाठ होतं.

पहिली बैठक ठेवली कुठं? वरती, सभागृहात. अकरा पायऱ्यांच्या वर.

सचिव खाली आले. कडक इस्त्रीचा माणूस, बोलायला गोड. माझ्याकडं बघून म्हणाले, "काका, काही काळजी करू नका. आपली चार माणसं आहेत, ताईंना खुर्चीसकट उचलून घेऊ."

मी म्हणालो, "त्यांना विचारा."

"ताई, तुम्ही फक्त बसून राहायचं."

"मी ज्वारीचं पोतं हाय का, साहेब?" ती म्हणाली. "पत्रात तज्ज्ञ लिहिलंय तुम्ही. तज्ज्ञाला कुणी उचलून नेतं व्हय? मी हितंच बसते. तुमची बैठक खाली येऊ द्या."

सचिव हसले, मग हसू आवरलं. तेवढ्यात वरून काठीचा आवाज यायला लागला. समितीतली दुसरी तज्ज्ञ म्हणजे एक मॅडम, शाळेतनं निवृत्त झालेल्या, जन्मापासून आंधळ्या. पांढरी काठी टेकत त्या एकेक पायरी उतरत होत्या आणि मोठ्यानं मोजत होत्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "अकरा. आणि साहेब, वरून तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा एक बोट उंच आहे. तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गवंडी असून तीस वर्षं त्या पायऱ्या चढलो, आणि ठेच लागली की चपलेला शिव्या दिल्या. मी वाकून वीत लावली. एक बोट, बरोबर.

मग बैठक गल्लीतच झाली. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. चहा आला तेव्हा सचिवांनी मला विचारलं, "यांना साखर चालते का?"

"चालते," ती म्हणाली. "तोंडानंच पिते मी."

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं.

तिनं त्या बैठकीत एकच गोष्ट सांगितली, आणि ती तीस वर्षं त्या गल्लीत बसल्याशिवाय कुणालाच सुचली नसती. ती म्हणाली, "समोर उतार करू नका. समोर साडेपाच फूट चढ हाय, सहासष्ट फूट लांबी लागंल, आणि अंगण तुमचं सोळा फुटांचं. पण ही गल्ली मागं चढत जाती. ह्या खिडकीपाशी आतली फरशी गल्लीपासून दीड फूटच वर हाय. दोन विती. खिडकीखालची भिंत काढा, दार करा, आणि भिंतीला धरून अठरा फुटांचा उतार द्या. संपलं."

मी उठून मोजलं. दीड फूट. एक सूत इकडं तिकडं नाही.

सचिवांनी नाक मुरडलं. "ताई, पण ही बाजू... म्हणजे दर्शनी भाग नाही ना हा."

"दर्शन कुणाला पायजे? मला पुस्तक पायजे."

मॅडम म्हणाल्या, "पण दार सगळ्यांसाठी उघडं ठेवा. आमच्यापुरतं केलंत तर महिन्याभरात त्याला कुलूप लागेल, आणि चावीवाला रजेवर जाईल."

सचिवांनी सगळं लिहून घेतलं. निदान पेन तरी हलत होतं.

पुढं पंधरा दिवस आम्ही मापं घेतली. मी आत जायचो, ती खिडकीबाहेरून सांगायची, मॅडम आत हातानं चाचपायच्या. कागदावर लिहिलं तर मॅडमना दिसत नव्हतं. बोलून ठेवलं तर मी विसरत होतो. म्हणून तिनं ही दोरी काढली. वीस फुटांची दोरी, तिच्यावर गाठी. एक गाठ म्हणजे तिचं माप, शेजारी-शेजारी मारलेल्या दोन गाठी म्हणजे मॅडमचं. ही मापं सगळी एकाच टोकापासून, पहिली गाठ खुर्चीच्या रुंदीला, दोन्ही चाकांवर हात धरून. मग टेबलाखाली गुडघे जातील एवढी उंची. मग बसल्या जागेवरून कपाटात हात पोचतो तिथं. मग खुर्ची जागेवर फिरायला लागते तेवढी जागा. मॅडमच्या जोडगाठी वेगळ्या होत्या. भिंतीतनं पुढं आलेल्या सूचनाफलकाचा कोपरा, जो बरोबर त्यांच्या कपाळाला लागायचा, तो त्यातच होता. आणि दुसऱ्या टोकाकडून उतार. एक वीत सोडून गाठ, मग बारा विती सोडून गाठ. ही दोरी मला वाचता येत होती, मॅडमना बोटांनी वाचता येत होती, आणि तिला तर पाठच होती.

शिवाय तिनं दोन पानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. पानं आणि दोरी पिशवीत घालून आम्ही सचिवांना दिली. त्यांनी दोरी चिमटीत धरली, मेलेल्या उंदराची शेपटी धरतात तशी.

"हे काय?"

"अहवाल," ती म्हणाली.

"वा, वा. अभिनव कल्पना आहे. फक्त ताई, विहित नमुन्यात टाइप करून तीन प्रतींत मिळालं असतं तर..." मग त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं. एका बाजूला सचिव, एका बाजूला ती, मधी दोरी. फोटो चांगला आला. त्यात ती हसतेय. 

आता माझ्या रागाचं सांगतो. मी शेंद्र्याला आणि पुढं बिडकीनच्या बाजूला कंपन्यांची कामं केली. मालाच्या गाड्या आत घ्यायला उतार करावा लागायचा. तिथला इंजिनिअर तीन-तीनदा लेव्हल लावायचा. का, तर गाडीतली खोकी घसरायला नकोत. उतार जरा उभा झाला तर ओलं काँक्रीट उकरून काढायला लावायचा. मी स्वतः उकरलंय. आणि ह्याच हातांनी मी शहरातल्या हापिसांपुढं माणसांसाठी उतार केलेत, घसरगुंडीसारखे. ठेकेदार म्हणायचा, "दाव फक्त, तपासायला येतंय कोण." मी दावायचो. घरी येऊन तिच्या हातचं खायचो आणि तिला सांगायचो नाही. खोक्याला किंमत असते. माणूस घसरला तर घसरला.

दोन-तीन महिने काही हाललं नाही. मग एक दिवस पुस्तक बदलायला गेलो तर समोरच्या अर्ध्या पायऱ्या गायब. त्यांच्यावर उतार टाकलेला. साडेपाच फूट चढ, सोळा फूट लांबी. वर चकाकती फरशी, पाऊस पडला तर मांजरसुद्धा पडेल अशी. कडेला स्टीलचा कठडा, एवढा उंच की बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागावा. गल्लीतल्या खिडकीला हात लावलेला नव्हता. तिला मात्र नवा हिरवा रंग दिला होता.

गल्लीत येऊन मी तिला सांगितलं. ती खुर्ची वळवून स्वतः समोर गेली, खालून वरपर्यंत बघितलं. मग मला म्हणाली, "त्यांनी दोरी लावून बघितली नाय का? जाऊन इचारा बरं उद्या."

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. सचिव मीटिंगमधी होते. दारावर चाचा बसलेले, वाचनालयाचे जुने वॉचमन. त्यांच्या स्टुलाशेजारी जुन्या पेपरांचे गठ्ठे रद्दीला काढून ठेवलेले. एका गठ्ठ्याला पांढरी सुती दोरी बांधली होती. दोरीवर गाठी.

मी तिथंच बसलो.

"क्या हुआ, मिस्तरी?" चाचा म्हणाले.

"ही दोरी कुठनं आली?"

"ये? साब के टेबल पे पडी थी कबकी. मैं बोला साब, गठ्ठे बांधने को कुछ नै है. साब बोले, ये ले जाओ." मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज उतरला. "तुम्हारी है क्या? अल्ला कसम, मेरेकू मालूम नै था. गाठां लई थे, मैं बोला पुरानी होएगी."

त्यांनी स्वतः गठ्ठा सोडून दोरी माझ्या हातात दिली. पेपरच्या शाईनं ती काळी झाली होती. मी ती थैलीत थापीच्या खाली घातली आणि घरी आलो.

ती दारात वाट बघत होती. "काय म्हणाले?"

आणि मी म्हणालो, "दोरी फायलीत हाय म्हणाले."

का म्हणालो? वाटलं, आधी त्या सचिवाला धरतो, भांडतो, काहीतरी कबूल करून घेतो, मग हिला सांगतो. नुसतं कसं सांगायचं, की तुझ्या तीस वर्षांनी त्यांनी रद्दी बांधली? चार दिवस चकरा मारल्या. साहेब मीटिंगमधी, साहेब दौऱ्यावर, साहेब जेवायला. इकडं ती विचार करत बसली, आणि विचार करून करून ह्या निकालाला आली की चूक तिचीच. फायलीत दोरी आहे, त्यांनी बघितली आहे, तरी उतार असा झाला, म्हणजे बारा वितींची गाठ सरकली असणार. म्हणून ती म्हणाली, चला, दुसरी करू. आणि आम्ही उंबऱ्यावर बसून दुसरी केली. थैली माझ्या मागंच खुंटीला होती. पहिली दोरी तिच्यात होती. हात मागं केला असता तर लागली असती.

पुढचं वर सांगितलंच आहे.

ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सचिव घरी आले. पहिल्यांदाच आले. हार घातला, हात जोडले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, आम्ही ताईंना कायम लक्षात ठेवणार. उताराला त्यांचंच नाव द्यायचं ठरवलंय."

माझं ध्यान कुठं होतं? बिडकीनला दिलेली लेक रडत होती, भंतेजी निघाले होते, पंगत बसायची होती. माझी मान हलली असेल. तेवढ्यावर त्यांनी होकार धरला.

कार्यक्रम ठेवला. समोरच्या रस्त्यावर मंडप, माईक, खुर्च्या. मॅडम माझ्याशेजारी बसल्या. उताराच्या सुरुवातीला भिंतीत दगड बसवला होता, त्याच्यावर कापड. पाहुण्यांनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या.

मॅडम म्हणाल्या, "काय लिहिलंय? वाचा."

मी जोडून जोडून वाचलं. वर तिचं नाव, कोरलेलं, सोनेरी भरलेलं. खाली, 'यांच्या मार्गदर्शनाखाली साकारलेला सुगम्य मार्ग.'

"मार्गदर्शनाखाली?"

"व्हय."

"तिच्या?"

मॅडमची काठी जमिनीवर एकदा वाजली.

मग उतार चालू करून दाखवायचा होता. समोर माणसं तर शेपाचशे, पण चाकाच्या खुर्चीतलं कुणी नव्हतं. जी होती तिचा दगड झाला होता. मग त्यांनी काय केलं? एक नवी खुर्ची आणली आणि तिच्यात हापिसातला कारकून बसवला. चांगला धडधाकट, दोन पायांनी चालत येऊन बसला. दोघं जण मागून ढकलायला लागले. निम्म्यावर पुढची चाकं उचलली, कारकुनानं दोन्ही हातांनी कठडा धरला आणि ओरडला, "ए, सोडू नको बे!" तिसरा माणूस धावला. चौथा धावला. वर पोचवला एकदाचा. टाळ्या. कारकून घाम पुसत खुर्चीतनं उठला आणि पायऱ्यांनी खाली आला.

सचिव बोलले. तिचं नाव चार वेळा घेतलं. म्हणाले, ताईंनी एकेक माप स्वतः काढलं, त्यांच्या मापाबरहुकूम आपण काम केलं. मग मला शाल घातली, माईक पुढं केला.

मी म्हणालो, "हा उतार तिचा नाय. तिनं ह्याला नको म्हणून सांगितलं होतं. ती एकदा बी आत आली नाय, साहेब. तिची दोरी तुम्ही—"

माईक माझ्या हातातनं गेला. सचिवांचा हात माझ्या पाठीवर. "काका भावुक झाले आहेत. आपण समजू शकतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दुःखाला वाजवल्या. एकानं येऊन माझे पाय धरले.

मी भावुक झालो नव्हतो. मी चिडलो होतो. म्हातारा चिडला तर त्याला भावुक म्हणतात, अपंग चिडला तर त्याला बिचारा म्हणतात, आणि आपलं काम पुढं चालू ठेवतात.

मंडप रिकामा झाल्यावर मॅडम तिथंच बसून होत्या. म्हणाल्या, "दोरीचं काय म्हणत होता?"

मी सांगितलं. गठ्ठा, चाचा, फायलीतलं खोटं, दुसरी दोरी, सगळं.

"तिला सांगितलं नाहीत?"

"तिला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं," मॅडम म्हणाल्या. शिकवणाऱ्या बाईचा आवाज, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा. "ती चिडली असती. चार दिवस चिडून जगली असती. त्याच्याऐवजी तिला तुम्ही चुकीची ठरवलंत, आणि आज त्यांनी ते दगडात कोरलं. तुम्ही वाचवलं कुणाला, तिला का त्यांना?"

वाईट काम आणि त्यावर तिचं नाव. उद्या कुणी ह्या फरशीवरनं घसरलं, तर दगड बघून म्हणेल, ह्या बाईनं सांगितलं होतं. चाळीस वर्षं मी भिंती बांधल्या आणि एकीवर माझं नाव नाही, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण दुसऱ्याच्या वाकड्या भिंतीवर माझं नाव कुणी घातलं असतं, तर मी त्याला जिता सोडला नसता.

निघताना मी दगडाजवळ गेलो. कडेच्या सिमेंटच्या मसाल्यावर नख लावलं. ओलाच होता. कार्यक्रमाच्या घाईत दगड सकाळीच बसवला होता, आणि त्याच्यावर पाणी मारायचं कुणाला सुचलं नव्हतं, म्हणजे मसाला दगडाला धरणार नव्हता. मॅडमना म्हणालो, "उद्या सकाळी आठला गल्लीत या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थैली घेतली. छिन्नी, हातोडी, गेरूची पुडी, पाण्याची बाटली आणि दोन्ही दोऱ्या. वाचनालय उघडायला तास होता. चाचा स्टुलावर बसलेले. मी दगडासमोर उकिडवा बसलो तसे ते उठले. "मैं चाय पीने जा रा मिस्तरी," म्हणाले. "आराम से पीतूं मैं." आणि पाठ करून चालायला लागले.

वरच्या कडेला छिन्नी लावली, चार ठोके दिले, मग बाजूला चार. मसाला भुसा झाला. दगड हातात आला, कुठं टवकासुद्धा उडाला नाही. तिच्या नावावरची धूळ पुसली, शालीत गुंडाळला, त्यांच्याच शालीत, आणि थैलीत घातला.

मॅडम रिक्षातनं उतरून गल्लीत आल्या. मी दोन्ही दोऱ्या त्यांच्या हातात दिल्या, एक काळी पडलेली, एक कोरी. त्यांनी दोन्हींची टोकं जुळवली आणि चिमटीतनं सोडत गेल्या. गाठीवर गाठ. जोडगाठीवर जोडगाठ. खुर्ची, टेबल, कपाट, फलक. शेवटच्या टोकाला आल्यावर त्या थांबल्या, पुन्हा मागं गेल्या, पुन्हा आल्या.

"बारा विती इथंही आहेत आणि तिथंही," त्या म्हणाल्या. "कुठलीच सरकली नव्हती हो."

"मला ठाऊक हाय."

"मग म्हणा मोठ्यानं."

गल्लीत कुणी नव्हतं. लिंबाखाली तिची जागा होती तिकडं तोंड करून मी म्हणालो, "गाठ सरकली नव्हती. त्यांनी रद्दी बांधली तुझ्या दोरीनं. मला ठाऊक होतं."

कोरी दोरी खिशात घातली. काळी दोरी गेरूच्या पाण्यात भिजवली. वरचं टोक मी खिडकीखाली फरशीच्या उंचीला धरलं. खालचं टोक मॅडमच्या हातात दिलं, त्यांना भिंतीला धरून अठरा फूट खाली चालत नेलं आणि त्यांचा अंगठा जमिनीपाशी भिंतीवर टेकवून ठेवला. ती असताना हे टोक ती धरायची. मी परत वर आलो, दोरी ताणली, मधोमध चिमटीत धरून उचलली आणि सोडली.

वाचनालयाच्या पिवळ्या भिंतीवर तिच्या उताराची लाल रेघ उठली, खिडकीपासून गल्लीपर्यंत. आणि गाठ होती तिथं तिथं एकेक ठिपका उमटला. मी वरून खालपर्यंत चालत गेलो आणि मोजले. सगळे जागेवर होते.